जुना संगणक वारंवार हँग होत असेल, तर दोष मेमरीचा आहे का, हे कसे तपासावे

घरातला दहा-बारा वर्षांचा संगणक अडकू लागला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे रॅम (संगणकाची तात्पुरती मेमरी) वाढवा. कधी तो लागूही पडतो. मात्र मेमरी अपुरी असणे आणि मेमरी सदोष असणे हे दोन वेगळे आजार आहेत, आणि हार्ड डिस्क थकलेली असली तरी लक्षणे बरीचशी तशीच दिसतात. म्हणून खर्च करण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमाने करावी. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि मूळ फाइली पुसू नयेत, कारण सदोष मेमरीतून जाणारी फाइल कॉपी होतानाही बिघडू शकते.

पुढच्या वेळी संगणक अडकेल तेव्हा लगेच बटण दाबून तो बंद करू नये. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का, ते पाहावे. दिवा बदलत असेल आणि माउसचा बाण रखडत का होईना हलत असेल, तर विंडोज चालू आहे, फक्त कामाखाली दबलेले आहे. अशा वेळी पाच मिनिटे थांबावे. दिवा बदलत नसेल आणि आवाजही एकाच सुरात अडकला असेल, तर संशय हार्डवेअरवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) घ्यावा.

संगणक दबलेला आढळल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. नेहमीची कामे चालू असताना मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर रॅम खरोखरच कमी पडते आहे. जागा संपल्यावर विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवरील पेज फाइलमध्ये हलवते; रॅमचा वेग नॅनोसेकंदांत मोजला जातो, तर फिरत्या तबकडीच्या डिस्कला तेच काम करण्यास काही मिलिसेकंद लागतात, आणि हा प्रचंड फरक आपल्याला ‘हँग’ म्हणून जाणवतो. उलट मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्क तासन्‌तास १०० टक्क्यांवर राहिली, तर रॅम विकत घेऊन काहीही साधणार नाही. पार्श्वभूमीवर अपडेट किंवा अँटिव्हायरस चालू नसेल, तर डिस्कचीच प्रकृती तपासावी.

रॅम वाढवण्याचे ठरल्यास आधी विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे ‘सिस्टिम’च्या माहितीत पाहावे. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू शकत नाही, आणि त्यातलीही प्रत्यक्षात साधारण ३ ते ३.५ जीबीच हाती येते. मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य फलक) कमाल किती रॅम स्वीकारतो, हेही पाहावे. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवू तर नयेच.

संगणक पूर्ण गोठत असेल, अवेळी निळा पडदा येत असेल किंवा चालू करताना नुसतेच बीप वाजत असतील, तर कॅबिनेट उघडावी. प्लग काढावा, लॅपटॉप असल्यास बॅटरीही काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. मग दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून रॅमची पट्टी सरळ वर काढावी. दमट हवेत आणि धुळीत तिच्या सोनेरी संपर्कांवर पुट चढते. ते पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसावे आणि खोडरबराचा चुरा झटकून टाकावा. दप्तरातला खोडरबर हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा तो पुरतो. पट्टी परत बसवताना क्लिपा आपोआप ‘टक्‌’ करून मिटल्या पाहिजेत.

तरीही त्रास राहिला, तर स्टार्टच्या शोधचौकटीतून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवावे. चाचणी सुरू झाल्यावर एफ १ दाबून विस्तारित प्रकार निवडावा आणि संगणक रात्रभर तसाच सोडावा. निकालाची सूचना क्षणभर दिसून जाते. ती हुकल्यास इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिमच्या नोंदींत पाहावे. याहून कसून तपासायचे असेल, तर पेन ड्राइव्हवरून चालणारे मोफत मेमटेस्ट८६ प्लस वापरावे. एक चूक दिसली तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. दोन पट्ट्या असतील, तर एका वेळी एकच लावून चाचणी पुन्हा घ्यावी आणि तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्येही तपासावी, कारण चूक पट्टीसोबत सरकली तर पट्टी खराब आहे आणि स्लॉटजवळच राहिली तर मदरबोर्ड.

मेमरी निर्दोष निघाल्यास प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का आणि उष्णताशोषकात धूळ दाटली आहे का, ते पाहावे. जुन्या मदरबोर्डवर विशेषतः प्रोसेसरभोवतीचे नळकांड्यांसारखे कपॅसिटर निरखावेत. त्यांची टोके सपाट असायला हवीत. ती फुगलेली किंवा तपकिरी डागाळलेली दिसली, तर दोष मदरबोर्डचा आहे, नव्या रॅमवर एक रुपयाही खर्च करू नये.