तालुक्याच्या गावी संगीताचा वर्ग आणि भजनाची साथ

ज्याला तालुक्याच्या गावी संगीत शिकवून घर चालवायचे आहे, त्याने आरंभीच हे ओळखून ठेवावे की येथे शिक्षक आणि साथीदार ही दोन वेगळी माणसे नसतात. संध्याकाळी मुलांकडून अलंकार (सरावाच्या ठरावीक स्वरमालिका) घोटून घेणारे मास्तर रात्री विठ्ठलमंदिरात पेटीवर (हार्मोनियमवर) बसलेले असतात, आणि हरिनाम सप्ताहात त्यांची पेटी कशी वाजली यावरून पुढच्या वर्षी वर्गाला किती मुले येणार हे बरेचसे ठरते. भजनी मंडळ वर्गाला विद्यार्थी पुरवते आणि वर्ग मंडळाला पुढचे साथीदार देतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणी शिकवणे एकच ठेवावे, हिशेब मात्र वेगळे ठेवावेत.

वर्गासाठी फार मोठे भांडवल लागत नाही. हवेशीर खोली, एक चांगली डबल रीडची (प्रत्येक स्वराला दोन पितळी जिभा असलेली) पेटी, सरावाला दुसरी साधी पेटी, तबल्याची जोडी आणि टाळांचे चार-पाच जोड एवढ्यावर सुरुवात होते. पेटी जुनी घेणार असाल तर रंग आणि पॉलिश पाहण्याआधी भाता पाहावा. स्टॉपर (हवेची वाट उघडणारे समोरचे खटके) उघडे ठेवून भाता भरावा आणि कोणतीही स्वरपट्टी न दाबता थांबावे. एखादा सूर आपोआप वाजू लागला तर त्या पट्टीखालची बैठक ढिली झालेली आहे. मग एकच सूर दाबून, भाता पुन्हा न मारता, तो किती वेळ टिकतो ते ऐकावे. लगेच विरला तर हवा कुठून तरी गळते आहे, आणि भात्याचे काम करून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच व्यवहार करावा. खोलीचे दार वर्ग चालू असताना उघडे असावे आणि लहान मुलांच्या पालकांना हवे तेव्हा आत येऊन बसता यावे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

गावातल्या वर्गात सर्वांत जास्त घोळ पट्टीचा, म्हणजे पेटीवरचा कोणता सूर आपला ‘सा’ धरायचा याचा होतो; काळी एक, पांढरी चार ही त्या सुरांच्या पट्ट्यांची नावे. पुरुषांचे भजन साधारणतः काळी एक ते काळी दोनच्या आसपास बसते, चढ्या आवाजाचे गायक पांढरी चारपर्यंत जातात, महिला मंडळाला बहुधा पांढरी पाच ते काळी पाच सोयीची पडते, आणि शिक्षक मात्र सगळ्यांना आपल्या गळ्याच्या पट्टीत ओढू पाहतो. त्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे बसवून, न ताणता लागणारा खालचा पंचम (प) आणि वरचा गंधार (ग) तपासून त्याचा षड्ज (सा) ठरवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा. बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो; त्या काळात मुलाला गप्प बसवू नये, पट्टी उतरवून थोडेच गाऊन घ्यावे आणि उरलेला वेळ त्याला तबल्याकडे किंवा पेटीकडे वळवावे. याच वयात कित्येक मुले वर्ग सोडतात, आणि हातात वाद्य असेल तर बहुतेक टिकतात.

पेटी शिकणाऱ्याकडून एकच अभंग किमान तीन पट्ट्यांत बसवून घ्यावा. स्केल चेंजर पेटीने (जिच्या पट्ट्या सरकवून सूर बदलता येतो) हे काम एका हिसक्यात होते हे खरे. पण मंदिरातली पेटी बहुधा देणगीतून आलेली आणि साधी असते, आणि बुवांनी (मुख्य गायकांनी) ऐन वेळी ‘अर्धा सूर वर घ्या’ म्हटले की साथीदाराच्या बोटांनाच सरकावे लागते.

शिकवण्याच्या क्रमाबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यात पेटीच्या आधी टाळ हातात द्यावा. आठ मात्रांचा भजनी ठेका टाळावर धरताना मुलाला लय अंगात मुरवावी लागते, कारण त्याची चूक सगळ्यांना ऐकू येते. डाव्या हातातला टाळ स्थिर, उजव्याचा आघात वरून. कोणता ठोका मोकळा सोडायचा आणि कोणता दाबून बंद करायचा हे आधी सावकाश लयीत पक्के करावे. भजनात हमखास होणारी खोड म्हणजे लय पळणे. ध्रुपद (अभंगाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) दोन-तीनदा झाले की उत्साहात सगळे पुढे धावतात आणि पखवाजवाला त्यांच्या मागे फरपटत जातो. यावर एक उपाय उपयोगी पडतो: अभंग चालू असताना शिक्षकाने हात वर करताच गाणे थांबवावे, मात्रा मनात मोजत एक आवर्तन (ठेक्याचा पूर्ण फेरा) जाऊ द्यावे, आणि पुढच्या समेवर (फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर) सर्वांनी एकदम यावे. सुरुवातीला निम्मी मुले आधीच येऊन पडतात आणि वर्गात हशा होतो. काही आठवड्यांनी सम नेमकी गाठली जाते.

त्यानंतर अलंकार, आणि रागांत आधी भूप. मध्यम-निषाद (म आणि नी) वर्ज्य असल्याने पाच स्वरांत मुलांचा गोंधळ होत नाही, आणि कितीतरी भजनी चाली या रागाच्या अंगाने जातात, म्हणून वर्गात शिकलेले रात्री मंदिरात लगेच वापरता येते. गळा तयार करताना मात्र रोज थोडा वेळ पेटी बंद ठेवून तंबोऱ्यावर किंवा मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर गाऊन घ्यावे. पेटीचे सूर ठरलेल्या जागी उभे असतात, तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही. ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला जी बंदी होती, तिच्यामागे हाही एक आक्षेप होता. साथीला पेटीशिवाय आपले चालत नाही, पण केवळ पेटीला धरून गायलेला गळा तिच्याशिवाय उघडा पडतो.

पालक परीक्षांबद्दल विचारतातच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून अलंकार या वरच्या परीक्षेपर्यंत असतात आणि बहुधा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांसाठी सवलतीचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत गर्दी वाढते. कोणत्या परीक्षेला किती गुण हे त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच पालकांना सांगावे, ऐकीव माहितीवर आश्वासन देऊ नये. एका वर्षात दोन परीक्षा उरकण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकाला नम्रपणे नकार द्यावा.

वर्षाचे वेळापत्रक पंचांग पाहून आखावे. आषाढीच्या आधी वारी, श्रावणात मंदिरोमंदिरी भजने, मग गणपती आणि नवरात्र, कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा (देवाला जागवणारी आरती व भजने), आणि त्यानंतर गावोगावचे हरिनाम सप्ताह. काकड्याच्या महिन्यात सकाळचा वर्ग ठेवल्यास शिक्षकाचा गळा आठवडाभरात बसतो. तेव्हा वर्ग संध्याकाळीच घ्यावा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे आणि काकडा त्याआधीच सुरू होतो, म्हणून मंडळाला माईकशिवाय गाण्याची सवय लावावी. त्यातून आवाज मोकळा होतो, हा वरचा फायदा.

पैशाचा विषय संकोचाने टाळला जातो आणि पुढे तोच कडू होतो. वर्गाची फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी, सुट्या किती आणि त्या भरून देणार की नाही हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावे. ज्या घरची परिस्थिती नाही त्याची फी माफ करावी, पण ती गोष्ट चारचौघांत काढू नये. आपल्या गावच्या मंदिरातली सेवा बिनपैशाची असावी. परगावच्या सप्ताहाला मात्र येण्याजाण्याचा खर्च आणि बिदागी (कलावंताचे मानधन) आधी बोलून घ्यावी. टॉवेल-टोपी आणि नारळ आनंदाने स्वीकारावेत, मात्र वीजबिल भरणारी खिडकी नारळ घेत नाही, हे आयोजकांना हसतच पण वेळेवर सांगता आले पाहिजे. सोबत विद्यार्थी नेला असेल तर त्याच्या हातात त्याचा वाटा वेगळा द्यावा.

वाद्यांचे खरे शत्रू पावसाळा आणि उंदीर. दमट हवेत पेटीच्या लाकडी पट्ट्या फुगून अडकतात; त्यांना घाईने कानस लावू नये, हवा कोरडी झाली की बहुतेक आपोआप मोकळ्या होतात. सूर घोगरा आला किंवा अजिबात वाजेना, तर बहुतेक वेळा सुराच्या पितळी जिभेखाली धूळ अडकलेली असते. पातळ कोरा कागद हलकेच खालून सरकवून ती काढावी. जीभ खरवडू नये, कारण टोकाकडे घासले तर सूर चढतो आणि मुळाशी घासले तर उतरतो, आणि ते काम कारागिराचे आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक भजन संपताच काढून ओल्या फडक्याने पुसावी. रात्रभर राहिली तर कातडे खराब होते आणि वासाने उंदीर येतात.

शेवटी कागदपत्रे. वर्गाची हजेरी, परीक्षांचे निकाल, सप्ताहांच्या पत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि मंडळांची पत्रे एका फाईलमध्ये वर्षवार लावावीत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेसाठी वयाच्या पन्नाशीनंतर अर्ज करता येतो, २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये आहे, आणि अर्जासोबत कलाक्षेत्रातील कामाचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर पेटी वाजवलेल्या माणसाकडे साठीत एकही कागद नसतो, असे खेड्यापाड्यांत सर्रास दिसते. म्हणून यंदाच्या सप्ताहाची पत्रिका यंदाच फाईलला लावावी.