कूलंट कमी होतंय, पण जातंय कुठं?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की गाडीखालचं ओलं पाहून जीव धसकतो. बहुतेक वेळा ते एसीचं पाणी असतं: स्वच्छ, बिनवासाचं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बहुधा हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं. (चाखू नका, विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा, कुत्री-मांजरी चाटतात.)

रात्री इंजिनखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठं आणि कोणत्या रंगाचा, त्यावरून होज (रबरी नळी), रेडिएटर, वॉटर पंप की ऑइलची गळती, याचा अंदाज येतो.

खरी डोकेदुखी म्हणजे पुठ्ठा कोरडा आणि तरी कूलंटच्या टाकीतली पातळी खाली. मग हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलवर, संशय घ्या. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ चहासारखं दिसतंय का? इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? चालू इंजिनात कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे? यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा. फक्त ऑइलच्या झाकणाखालची थोडी साय मात्र पावसाळ्यात, छोट्या फेऱ्यांमुळंही जमते.

आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.