गाळातले परागकण मोजताना या चुका टाळा

काळ्या चिखलात कांदळाचे परागकण दिसले की "इथे कांदळवन होतं" असं लिहून मोकळं व्हायची घाई दरवर्षी नव्या मुलांना होते. मलाही झाली होती, म्हणून सुरुवात माझ्याच फजितीने करतो.

ठाण्याच्या खाडीतल्या गाळाच्या कोअरमध्ये, म्हणजे नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या कांडीत, ३ मीटर खोलीवर, मला सुरूचे पराग सापडले. अगदी टवटवीत. मी किनाऱ्यावर प्राचीन सुरूचं बन उभं करून दोन पानं खरडलीसुद्धा. सरांनी ती वाचली, चष्मा काढला. "अरे, सुरू मूळचा कुठला?" ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशियाकडचा. आपल्या किनाऱ्यावर तो माणसांनी लावला. म्हणजे गाळ जुना आणि पराग कालपरवाचे! कोअरची बाहेरची साल मी खरवडलीच नव्हती. नळी खाली जाताना वरचा चिखल तिच्या कडेने ओढला जातो. शिवाय पाण्याची बाटली उघडी, खिडकी उघडी, आणि खिडकीबाहेर सुरूचीच रांग.

तेव्हापासून मी कोअर उभा चिरून आतलाच गाळ घेतो आणि प्रत्येक घाण्यात, म्हणजे एकदम प्रक्रियेला घेतलेल्या नमुन्यांत, एक कोरा नमुना चालवतो: गाळ नाही, नुसती रसायनं. त्यात एक पराग दिसला तरी सगळा घाणा फेकतो. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरं दुखणं टक्केवारीचं. कांदळ भरमसाट पराग सोडतो. तिवर हीही खारफुटीच, पण तिच्याकडे मधमाश्या येतात, तिवराचे पराग गाळात थोडेच उतरतात. स्लाइडवर तिवर नगण्य दिसला म्हणून काठावर तो नव्हता असं होत नाही. आधी आजच्या खाडीकाठचा वरचा गाळ मोजा, शेजारी उभी झाडं पाहा, मग जुन्याकडे वळा. डायनोफ्लॅजेलेटांच्या (पाण्यातल्या एकपेशीय जीवांच्या) सिस्ट, म्हणजे टणक कोष, आणि फोरामिनिफेरांच्या (कवचवाल्या एकपेशीय सागरी जीवांच्या) कवचाआतली सेंद्रिय अस्तरं 'परागकण नाहीत' म्हणून सोडून देणारे तर मला कळतच नाहीत. खारं पाणी आत येत होतं हे तीच सांगतात.

तांबूस, हवा लागलेल्या गाळात काही सापडलं नाही, तर झाडं नव्हती असं लिहू नका. पराग कुजले असतील. काळपट, झिजलेला दाणा बहुधा जुन्या खडकातून वाहून आलेला असतो, तो वेगळा मोजा. लायकोपोडियमची गोळी (तिच्यात ठरावीक संख्येचे बीजाणू असतात, त्यांच्याशी तुलना करून गाळात एकूण पराग किती ते काढतात) सुरुवातीलाच टाका, शेवटी टाकून काय उपयोग?

पराग सुटे करायला गाळ आम्लांत विरघळवतात. शिंपल्यांचा गाळ असेल तर आधी चुना विरघळवणारं हायड्रोक्लोरिक आम्ल, मग वाळू-माती विरघळवणारं हायड्रोफ्लोरिक. उलट केलंत तर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो. आणि हायड्रोफ्लोरिक काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या भांड्यातच. काचेचं भांडं घेऊन आलेल्याला मी दारातूनच परत पाठवतो.