फ्लॅश ट्रिगर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

लग्नसराई तोंडावर आली की सोलापुरात ट्रिगरची (कॅमेऱ्यावर बसून दूरच्या फ्लॅशला बिनतारी इशारा देणाऱ्या यंत्राची) खरेदी घाईघाईत उरकली जाते आणि ‘फ्लॅश पडत नाही’ हे ऐन हळदीला कळतं. मग ट्रिगर खराब निघाला म्हणून दुकानदारावर राग. बहुतेक वेळा ट्रिगर धडधाकट असतो, फक्त तो त्या कॅमेऱ्यासाठी नसतो.

पहिली चूक हॉटशू, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश-ट्रिगर बसवायची खाच, न बघण्याची. स्वस्तातला मॅन्युअल ट्रिगर शूच्या मधल्या मोठ्या पिनवरच चालतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांत ती मधली पिनच दिलेली नाही, फक्त छोट्या पिना आहेत. त्यावर एकपिनी ट्रिगर कितीही घट्ट बसवा, फ्लॅश पडणार नाही. अशा बॉडीला (कॅमेऱ्याला) कॅननसाठीचाच टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणारा, ट्रिगर लागतो, तोही दुकानात स्वतःच्या बॉडीवर लावून, शटर दाबून बघूनच घ्यावा.

दुसरी चूक, दोन कंपन्यांची मोट बांधण्याची. गोडॉक्सचा ट्रिगर आणि योंगनुओचा फ्लॅश दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, म्हणून एकमेकांशी बोलतील असं नाही. फ्लॅश आधीच हातात असेल तर ट्रिगर त्याच्याच घराण्यातला घ्या. फ्लॅशमधल्या एस१, एस२ या ऑप्टिकल मोडवर (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की पडणाऱ्या) भिस्त ठेवू नका. कंबर तलावावर भर उन्हात तो आंधळा होतो आणि मंगल कार्यालयात पाहुण्याच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला तरी तुमचाही फ्लॅश पडतो.

एचएसएसच्या (हाय स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालण्याची सोय) नावाखाली जास्त पैसे मोजण्याआधी कॅमेऱ्यात ती सोय आहे का बघा. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० मध्ये ती नाहीच. तिथे शटर १/२०० सेकंदाच्या वर नेलंत की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण शटरचा दुसरा पडदा फ्लॅश पडायच्या आतच सेन्सरवर सरकू लागलेला असतो. साध्या ट्रिगरचा सिग्नल किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे काही वेळा १/२०० लाही पट्टा दिसतो. १/१६० करा, तरी दिसला तर १/१२५. एचएसएस असलं तरी ते फुकट मिळत नाही. साधारण दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, तेव्हा दुपारच्या प्री-वेडिंगला एकच छोटा स्पीडलाइट (सेलवर चालणारा फ्लॅश) पुरत नाही.

आता ऐन वेळी फ्लॅश पडेनासा झाला तर काय? आधी ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबा. टेस्टला पडतो पण शटरला पडत नाही, याचा अर्थ घोळ कॅमेरा आणि ट्रिगरच्या मध्ये आहे. ट्रिगर शूमध्ये शेवटपर्यंत सरकवून लॉक फिरवा, पिना कोरड्या कापडाने पुसा आणि सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा. मिररलेसवर ‘ट्रिगर बंद पडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे सायलेंट शटर आम्हाला सगळ्यात जास्त सापडतं.

टेस्टलाही पडत नसेल तर फ्लॅश रिसीव्हर मोडमध्ये आहे ना बघा. गोडॉक्सच्या व्ही८६० मार्क २ ची स्क्रीन तेव्हा नारिंगी होते. मग ट्रिगर आणि फ्लॅशवरचे चॅनल, ग्रुप आणि आयडी जुळवा. एकाच कार्यालयात दोन टीम असल्या आणि दोघांनीही चॅनल १ ठेवला, तर दुसऱ्याने शटर दाबलं की तुमचा फ्लॅश पडतो आणि नेमका तुमच्या फोटोच्या वेळी चार्ज होत बसतो. चॅनल बदला आणि दोन्हीकडे सोय असेल तर आयडीही लावा.

चादरी-टॉवेलच्या कॅटलॉग शूटमध्ये उलटाच त्रास होतो. फ्लॅश टेबलाला खेटून, कॅमेऱ्यापासून मीटरभरही लांब नाही, आणि मध्येच एखादा फोटो काळा. अंतर कमी म्हणून सिग्नल पक्का असणार, असा समज असतो. पण गोडॉक्सच्या एक्सप्रोसारख्या ट्रिगरमध्ये अंतराचं सेटिंग १–१०० मीटरवर असतं, त्यात मीटरच्या आतला फ्लॅश बसत नाही, ते ०–३० वर आणा.

सेलचं म्हणाल तर काम संपल्यावर ट्रिगरमधून काढून ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेले अल्कलाइन सेल पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पुटं चढतात. सेल बाहेर काढून इअरबडवर थोडं व्हिनेगर घ्या आणि पुटं पुसा, नंतर स्प्रिंग पूर्ण कोरडी होऊ द्या. चार्जेबल एए सेल वापरत असाल तर जोडी एकाच वयाची ठेवा. एक जुना नि एक नवा घातला की जुना आधी दम तोडतो.