जहाजावर पोरांना व्यायामाला कसं आणायचं

मी क्रूझवर हाउसकीपिंगला आहे, आता सुपरवायझर. गाव देवगडकडे. तीन कॉन्ट्रॅक्टपूर्वी एचआरने क्रूसाठी पावलं मोजायची स्पर्धा काढली आणि आमच्या डिपार्टमेंटचं लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. पहिल्याच आठवड्यात माझे केबिन स्टुअर्ड सगळ्यांच्या पुढे. नसतील तर काय? ट्रॉली ढकलता ढकलता त्यांची वीस हजार पावलं रोज अशीच होतात. जिंकलेल्या पोराला टी-शर्ट मिळाला आणि दोन दिवसांनी तोच कंबर धरून मेडिकलच्या दारात उभा. आमच्या माणसांना चाला म्हणणं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवणं.

तेव्हापासून मी आधी बघतो, कोणाचं काम त्याचं काय मोडतंय. वेटर जड ट्रे कायम एकाच खांद्यावर घेतो. त्याला दुसऱ्या बाजूची सवय लावायची आणि दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती ताणायला शिकवायची. गॅलीतली, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातली पोरं तासन् तास टणक फरशीवर उभी असतात, त्यांच्या पोटऱ्या दगड होतात. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या, पंधरा वेळा. गॅली ते मेस या वाटेत जिना येतोच.

स्टुअर्डची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण ती माझी. चादर खोचताना माणूस गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकतो, एका हाताने गादी उचलतो आणि तशाच वाकलेल्या अंगाने वळतो. हे प्रत्येक पलंगाला चार कोपऱ्यांवर. मी काय करतो, रिकाम्या केबिनमध्ये पोराला उभं करतो, लाँड्रीतल्या मॉपची काठी त्याच्या पाठीवर उभी धरतो: डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले. आता काठी न सुटता वाक. बहुतेकांची पहिल्यांदा सुटते. मग गुडघे सैल करून कुल्ले मागे न्यायचे, तशी काठी टिकते. दहा वेळा झालं की त्याच चालीने एक कोपरा खोचून दाखवायचा. पाच मिनिटांचं काम, आणि ते ड्युटीतच ट्रेनिंग म्हणून करून घ्यायचं.

बाकी व्यायाम मात्र ऐच्छिकच ठेवा. मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती लागते. रोजच्या विश्रांतीचे फार तर दोन तुकडे, त्यातला एक किमान 6 तासांचा. त्या सहा तासांना कोणीही हात लावायचा नाही. सक्तीने सकाळी सहाला उठवून योगा घेतलात तर ती विश्रांती कसली, ती ड्युटीच झाली. पोरं दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

वेळ निवडायची ती दुपारच्या ब्रेकची, तीही पंधरा-वीस मिनिटं. पोर्ट डेला, म्हणजे जहाज बंदराला लागतं त्या दिवशी, बोलावू नका. वायफाय, घरचा फोन आणि उन्हात बसणं यापुढे आपण हरतो. शिवाय वॉटरलाइनखाली, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या पातळीखाली राहणाऱ्या माणसाला ते ऊनच औषध आहे. टर्न अराउंड डे, म्हणजे जुने गेस्ट उतरून नवे चढतात तो दिवस, तर सोडूनच द्या, त्या दिवशी सगळे बॅगांखाली असतात. उरतात सी डे, दिवसभर समुद्रातच असलेले दिवस. अटलांटिक ओलांडताना एक हिशेब ठेवा: पश्चिमेला जाताना घड्याळ मागे येतं, रात्री जादा तास मिळतो, तेव्हा खुशाल बोलवा. पूर्वेला जाताना तास जातो आणि पोरं डोळे ओढत फिरतात. त्या आठवड्यात मी काहीच ठेवत नाही.

क्रू जिम गर्दीची असेल तर केबिन आहेच. आमच्या दोन बंकच्या केबिनमध्ये एकालाच आडवं होता येतं, दंड घालताना पाय बाथरूमच्या दारात जातात. चालतं. पार्टनर झोपला असेल तर कॉरिडॉर गाठा. बंकच्या पडद्याच्या दांडीला मात्र लोंबकळू नका. आमच्या एका पहिलवानाने दांडी, पडदा आणि स्वतःला एकदमच खाली आणलं. समुद्र खवळला असेल तर ट्रेडमिल बंद, डोक्यावर वजन उचलणं बंद. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं आणि तेवढ्यावर भागवायचं.

माणसं जमवायची तर जिमचं नाव काढू नका, खेळाचं काढा. फिलिपिनो पोरं बास्केटबॉल म्हटल्यावर जेवण सोडून येतात, इंडोनेशियन बॅडमिंटनला, आणि गोव्याचे फुटबॉलवरून भांडायलाही येतात. रात्री अकरानंतर गेस्टचं कोर्ट क्रूला मिळेल का, हे एचआरमार्फत स्टाफ कॅप्टनला, म्हणजे कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्याला, विचारून घ्या. आम्हाला आठवड्यातून एकदा मिळालं. टीम डिपार्टमेंटप्रमाणे पाडा, देशाप्रमाणे नको. गॅली विरुद्ध हाउसकीपिंग झालं की लाँड्रीवालेसुद्धा बघायला येतात.

खाण्याबद्दल भाषण देऊ नका. मेसमध्ये भात कायम असतो आणि पोरं डोंगर वाढून घेतात. मी एवढंच सांगतो: आधी डाळ-भाजी वाढा, मग उरलेल्या जागेत भात. रात्री एकच्या कपातल्या नूडल्स थांबवणं मला अजून जमलेलं नाही, मीही खातो.

आपल्याकडच्या पोरांना पटवायचं असेल तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं मेडिकल आठवून द्या. शुगर किंवा बीपी वाढलेलं निघालं की मुंबईच्या क्लिनिकमधून कागद अडतो, आणि घराच्या हप्त्याचं काय, हे त्याला सांगावं लागत नाही.

नवा साइन ऑन झालेला पोरगा असेल तर पहिले दोन आठवडे व्यायामाचं नावही काढू नका. त्याला आधी जहाज सापडू दे, झोप लागू दे. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सहज विचारा, ‘काय रे, कंबर कशी आहे?’ उत्तर ठरलेलं असतं. मग मॉपची काठी काढा.