नवं लेझर बसवलं, तरी चित्र मळकट आणि डायलॉग दबलेले? इथे तपासा

नाशिकमधल्या जुन्या सिंगल स्क्रीनमध्ये लेझर प्रोजेक्टर आणि नवी साउंड सिस्टिम बसली, तरी बाल्कनीतली ओरड थांबतेच असं नाही. दोष बहुधा नव्या मशीनमध्ये नसतो, जे जुनं तसंच ठेवलं त्यात असतो.

आधी प्रोजेक्टरच्या केबिनची काच. तिच्यावर एप्रिल-मेची धूळ बसली की काळा रंग राखाडी दिसतो, पांढऱ्या अक्षरांभोवती धुकट वलय येतं. दोन्ही बाजूंनी मायक्रोफायबरने पुसा. मग थ्रीडीचा फिल्टर बघा. टूडी शोला तो लेन्ससमोर राहिला, तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच अडतो आणि ऑपरेटर बिचारा लेझरची पॉवर वाढवत बसतो. आता पडद्यावर पांढरा पॅटर्न लावून लाइट मीटरने मोजा: मध्यभागी 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप), कोपऱ्यांत त्याच्या निदान 75 टक्के. मधला लख्ख पट्टा खुर्ची बदलली की सरकत असेल, तर तो सिल्व्हर पडद्याचा (थ्रीडीसाठीच्या चंदेरी लेपाच्या पडद्याचा) गुण. तो पडदा ओल्या फडक्याने पुसू नका, डाग जात नाहीत.

पात्रांची डोकी कापली जात असतील तर सिनेमाच्या फाइलचं नाव वाचा. ‘एफ’ म्हणजे फ्लॅट, चित्राची रुंदी उंचीच्या 1.85 पट, ‘एस’ म्हणजे स्कोप, 2.39. प्रोजेक्टरचं प्रीसेट (साठवलेलं सेटिंग) त्याप्रमाणे लावा, मास्किंग, म्हणजे पडद्याच्या कडांचं काळं कापड, नंतर.

आवाजाचं दुखणं जास्त चिवट. डायलॉग सेंटर स्पीकरमधून येतात, म्हणून पिंक नॉईज (सगळे स्वर असलेला चाचणीचा आवाज) फक्त सेंटरला सोडा आणि पडद्यामागे जाऊन हॉर्नजवळ, म्हणजे वरचे स्वर देणाऱ्या भोंग्याजवळ, कान न्या. पावसासारखी स्वच्छ ‘श्श्’ ऐकू यायला हवी. नुसतं ‘घूं’ येत असेल तर हॉर्नचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) गेला किंवा क्रॉसओव्हरची, म्हणजे वरचे-खालचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटची, तार सुटली. मागे ‘श्श्’ स्वच्छ आणि खुर्चीत बोथट असेल, तर पडद्याला छिद्रं आहेत का बघा. बिनछिद्राचा पडदा बसवल्याचे प्रकार घडतात!

फेडर (आवाजाचं मुख्य बटण) 7 वर ठेवून पिंक नॉईज लावा आणि पडद्यापासून हॉलच्या लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर साउंड मीटर धरा (मीटरवर ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ सेटिंग): पडद्यामागचा प्रत्येक चॅनल 85 डेसिबल, 5.1 मध्ये सराउंडची (भिंतींवरच्या स्पीकरची) प्रत्येक बाजू 82. ‘आवाज फार मोठा’ म्हणून कुणी फेडर साडेचारवर आणला, की सुमारे 8 डेसिबल जातात आणि पहिला बळी कुजबुजीचा.

डावा-उजवा एकत्र वाजवल्यावर आवाज मध्यभागी न ठरता विरघळत असेल, बेसही पातळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस तारा उलट्या जोडल्यात. शेवटचं मोजमाप बाल्कनीच्या खाली येणाऱ्या रांगेत घ्या. वरचे स्वर तिथेच आधी हरवतात.