शतावरीचा वाफा इतक्यात मोडू नका

मधमाशांसाठी कुंपणाला शतावरीची वेल लावायची म्हणून मृगात टाकलेलं बी अजून वर आलं नाही, आणि आता वाफा मोडून तिथे कोथिंबीर टाकायच्या बेतात असाल, तर थांबा. पावसाने उघडीप दिली आहे आणि दरवर्षी याच दिवसांत वाफे जातात. कीड लागत नाही, बीही वाईट नसतं, फक्त पाणी तुटतं.

शतावरीला उगवायला तीन ते सहा आठवडे लागतात. आधी मुळी खाली उतरते, कोंब नंतर वर येतो. म्हणजे वाफा वरून ओसाड दिसतो तेव्हा खाली काम सुरू असतं. नेमका त्याच वेळी वरचा बोटभर थर दोन-तीन दिवस कोरडा पडला की कोवळी मुळी करपते. मग 'बी फसवं निघालं' म्हणत लोक विकत घेतलेलं पाकीट पेरतात. ते बी किती जुनं आहे ते पाकिटावर धड कळत नाही, आणि शतावरीचं जुनं बी नीट उगवत नाही.

शंका असेल तर कोपऱ्यातलं एखादं बी उकरून नखाने दाबा. कडक लागलं तर जिवंत समजा आणि पाणी चालू ठेवा. पिचलं, आतून काळं निघालं किंवा वास आला तर ते गेलं.

उघडिपीत सकाळी झारीने हलकं पाणी द्या. पाट सोडू नका, बी एका कडेला वाहून जातं. वर गवताचं पातळ आच्छादन हवंच. भाताच्या तुसाखाली उगवण जास्त एकसारखी होते असं मला वाटतं. शिफारशीत हे नाही, पण तूस हाताशी असेल तर वापरून बघा.

अजून पेरायचं असेल तर:
– पिकून लाल झालेली फळं. गर चोळून धुवायचा, काळं बी सावलीत सुकवायचं
– पेरणीआधी २४ तास पाण्यात भिजत. तरंगणारं बी फेकायचं
– ट्रायकोडर्मा (रोगाला आवरणारी मित्रबुरशी) ४ ते ५ ग्रॅम प्रति किलो बियाण्यास चोळायची
– गादीवाफा १ मीटर रुंद, १५ सेंमी उंच, चाळलेलं शेणखत
– ओळींत १० सेंमी अंतर, खोली १ ते दीड सेंमी

पहिला कोंब शिवणाच्या सुईएवढा असतो, त्याला पान म्हणून काही दिसत नाही. खुरपणीत तो गवत म्हणून उपटला जातो, म्हणून पहिले दोन महिने खुरपं नको. खुरपणाऱ्या बायांना एक कोंब आधी दाखवा, मगच हाताने तण काढायला सांगा.

रोपं बुडाशी काळी पडून कोलमडू लागली तर पाण्याचा निचरा आधी करा. तरीही थांबलं नाही तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक २५ ते ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून बुडाशी ओता. दुकानदार सोबत ह्युमिक आणि 'फुटव्याचं टॉनिक' देईल. ते घेऊ नका. रानात ही वेल कुणाच्या टॉनिकवर वाढत नाही.

हा खटाटोप मधमाशांसाठी आहे. पावसाळा सरताना शतावरीला बारीक पांढरी, सुवासिक फुलं येतात आणि वेलीवर सातेरी, फुलोरी, पोया अशा सगळ्या जातींच्या माशा दिसतात. दोडका, कारली, काकडी लावणाऱ्याला त्या बांधावर हव्यातच. फळधारणा बरीचशी त्यांच्यावर असते. पण बांधावर तणनाशक मारत असाल तर ही लागवड करूच नका. शेजाऱ्यालाही आधी सांगून ठेवा. पिकावर कीटकनाशक मारावंच लागलं तर संध्याकाळी, माशा परतल्यावर.

रोपं वीतभर झाली आणि पाऊस चालू असला की कुंपणाच्या कडेला मीटरभर अंतराने लावा, तारेवर चढतील. काटे असतात, म्हणून येण्या-जाण्याची वाट सोडा. पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नका. रानातली वेल मुळासकट खणून आणण्याचा सोपा मार्गही नको. रानातून फळं घ्या, तीही थोडीच. पाखरांना राहू द्या.

उन्हाळ्यात वेल वरून वाळेल. तेव्हा पुन्हा हीच घाई होते: 'मेली' म्हणून उपटतात, नाहीतर बांध पेटवतात. खाली मुळांचा झुबका जिवंत असतो, पहिल्या पावसात नवे कोंब येतात. प्रत्येक रोप लावतानाच शेजारी एक खुंटी ठोका, म्हणजे नांगरटीत ट्रॅक्टरवाल्याला ते दिसेल.